वजा नऊ छेद सोळा समजावून मिळण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, यवतमाळ.

अर्जदार : शेख हबीब शेख मुजफ्फर, धंदा ट्रॅक्टर दुरुस्ती, रा. सावंगखेड, ता. नेर.

विषय : इयत्ता आठवीत थांबलेल्या कु. रुबीना हिला परिमेय संख्यांमधील एक गोष्ट समजावून सांगणारी व्यक्ती एक वेळ गावी पाठविण्याबाबत.

संदर्भ : मा. मुख्याध्यापक यांच्याशी झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत झालेले असल्याने सदर अर्ज त्यांचे शेजारी, निवृत्त लिपिक सदाशिवराव ठोंबरे, यांनी त्यांच्या सांगण्यावरून लिहिला आहे.

१. अर्जदाराची मुलगी रुबीना ही गावच्याच शाळेत शिकत होती. गणिताचे भीमराज सर कमरेच्या शस्त्रक्रियेमुळे गेल्या वर्षी दीर्घ रजेवर गेले. यात कोणाचाही दोष नाही. त्यांचा तास भाषेच्या दीपमाला मॅडम यांनी आपणहून घेतला. परिमेय संख्यांचा लहानमोठेपणा शिकवताना मॅडमनी नियम सांगितला की, दोन्ही संख्या ऋण असतील तर वजा चिन्ह सोडून तुलना करायची व उत्तर उलटे करायचे. रुबीनाने विचारले, "काहून?" मॅडम प्रामाणिक आहेत. त्या म्हणाल्या, "बाई, मलेही कोणी सांगितलं नाही. तू पाठ करून टाक."

२. बाकीची मुले पाठ करून पास झाली. रुबीनाने वार्षिक परीक्षेत त्याच प्रश्नाशी पेन थांबवले. ‘नियम मला पाठ आहे, पण का ते समजले नाही, म्हणून लिहिले नाही,’ एवढे लिहून ती घंटा होईपर्यंत बसून राहिली. पुढचे एकही गणित तिने सोडवले नाही. ती नापास झाली.

३. फेरपरीक्षेपूर्वी अर्जदाराने स्वतः प्रयत्न केला. जुन्या ट्रॅक्टरचे नट खोलायचे पाने इंचाचे असतात व त्यांवर अपूर्णांक कोरलेले असतात. अर्धा इंची पाना ज्या नटावर चढत नाही, त्यावर नऊ छेद सोळाचा बरोबर बसतो. म्हणजे नऊ छेद सोळा मोठा. हे पोरीने हाताने करून पाहिले, हसली, आणि खोक्यातले सगळे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले. त्या दिवशी अर्जदाराच्या घरी सेवया झाल्या. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक पुढे केले. तेथे वजा नऊ छेद सोळा हे वजा एक छेद दोनपेक्षा लहान, असे होते. ती म्हणाली, "अब्बा, माइनस का पाना दिखाओ ना." असा पाना अर्जदाराने उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. नेरच्या हार्डवेअरवाल्याकडे त्यांनी एकदा विचारलेसुद्धा. दुकानात हशा झाला.

४. मग लेखनकर्त्याने, म्हणजे सदाशिवरावांनी, विहिरीचे उदाहरण दिले. जमीन म्हणजे शून्य. जितके खाली, तितके कमी. रुबीना विहिरीत डोकावली व म्हणाली, "काका, खोल गेलं तं जास्त गेलं नं? जास्त गेलेलं कमी कसं झालं?" सदाशिवरावांची बत्तीस वर्षे कार्यालयात गेली, परंतु या प्रश्नाचा निपटारा त्यांच्याकडून झाला नाही.

५. फेरपरीक्षेच्या सकाळी तिची आई नसरीन हिने तिला शपथ घातली, "बेटा, लिख दे, बस." तिने होकार दिला. प्रश्न पुन्हा आला. पुन्हा कागद कोराच राहिला. घरी येऊन ती आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "अम्मी, हाथ नहीं चला." नियमाप्रमाणे तिला आठवीतच ठेवण्यात आले. नियमाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

६. तिच्या मैत्रिणी आता एसटीने नेरला नववीत जातात. रुबीना शाळेत जात नाही व मारून-रागावून पाठवणे अर्जदाराच्या हातून होत नाही. ती गॅरेजमध्ये बसते, जेवते, कामही करते. मात्र जी पोर दिवसभर ‘काहून, काहून’ करीत असे, तिने दोन महिन्यांत एकही प्रश्न विचारलेला नाही. अर्जदारास खरी भीती या गोष्टीची वाटते. नापास पोर सांभाळता येते. गप्प झालेल्या पोरीचे काय करावे, हे त्यांना उमगत नाही.

७. सबब नम्र विनंती की, तिला पास करू नये. गुण वाढवू नयेत. फक्त वजा नऊ छेद सोळा लहान का, हे जाणणारी एखादी व्यक्ती एक वेळ सावंगखेडला पाठवावी. येण्याजाण्याची व जेवणाची सोय अर्जदार करतील. ती व्यक्ती गुरुजीच असावी असा आग्रह नाही.

८. येथवर अर्ज लिहून झाला तेव्हा रुबीना दारात उभी राहून ऐकत होती. दोन महिन्यांनी तिने पहिल्यांदा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "काका, साहेबाइले बी येत नसन तं? मंग त्याइले लाज वाटन नं. नका पाठवू."

 अर्जदार म्हणाले, "हेही लिहा, आणि पाठवा."

त्याप्रमाणे लिहून सादर.

आपला नम्र व निरुत्तर,
(सही उर्दूत)
शेख हबीब शेख मुजफ्फर
सावंगखेड, दि. २१ ऑगस्ट २०२५

सोबत : फेरपरीक्षेच्या गुणपत्रकाची छायांकित प्रत.