पान एकेचाळीस

प्रिय ताई,

तुझ्या प्रबंधाची पानं मंगळवारी पोचली. बहिणीचा भाषाशास्त्राच्या एम. ए.चा प्रबंध बांधायचा म्हणून बाइंडिंगच्या दुकानाच्या मालकांनी मला खिडकीजवळचं टेबल दिलं. नववीत शाळा सुटलेल्या मला त्यातलं निम्मं कळत नाही, तरी बांधण्याआधी प्रत्येक पान वाचतो. शुद्धलेखनाच्या दोन चुका सापडल्या. पेन्सिलीनं खुणा केल्यात, रागावू नकोस.

तुझ्यासाठी आईचं बोलणं ध्वनिमुद्रित करून कागदावर उतरवायला लागल्यापासून माझ्या सुट्टीच्या दुपारी वेगळ्याच झाल्या. ती पलीकडच्या खोलीत झोपलेली, आणि माझ्या कानांत तिचाच आवाज. मध्येच ती गप्प होते. तू सांगितल्याप्रमाणे मी तिचं गप्प राहणंही सेकंदांत लिहितो. चार, सात, एकदा एकोणीस. त्या एकोणीस सेकंदांत लांब कुठंतरी नळ गळत असतो आणि वाटतं, मी लहान आहे, तू माझा हात धरून अक्षरं गिरवून घेते आहेस. मग ती खाकरते आणि म्हणते, "हे मेलं यंत्र नुसतंच ऐकतंय, हूं नाही की चूं नाही."

पान एकेचाळीसवर तू लिहिलंयस, अकरा तासांच्या बोलण्यात आईनं दूर गेलेल्या मुलीचा एकदाही उल्लेख केला नाही. खाली निष्कर्ष: मनातून उतरलेलं माणूस आधी बोलण्यातून जातं. ते वाचता वाचता माझ्या ब्रशावरची खळ वाळून गेली.

ताई, उल्लेख आहे. कुठूनही सुरुवात केली तरी ती तुझ्यापाशीच येते. तुझ्या खोलीत ऊन येतं का, वेळेवर जेवतेस का. ध्वनिमुद्रणाच्या शेवटच्या दिवशी तर सरळच म्हणाली, "डोळ्यांपुढचं धुकं वाढत चाललंय रे. पार दिसेनासं व्हायच्या आत पोरीनं एकदा यावं." लगेच मला दटावलं, "हे लिहू नकोस हं. अभ्यास टाकून पळत येईल ती." मी तिचं ऐकलं. तुझ्याबद्दलचं सगळं गाळलं आणि मागचं-पुढचं असं जोडलं, की सांधा दिसू नये. तेवढं मला येतं.

बांधणी थांबवली आहे. गाळलेली बावीस पानं आणि मूळ ध्वनिमुद्रण सोबत पाठवतोय. प्रबंध पुढच्या शुक्रवारी द्यायचाय, ठाऊक आहे. तुझं वर्ष गेलं तर दोष माझा. तसं तुझ्या मार्गदर्शक बाईंना लिहून देईन. मी लिहिलंय हे आईला माहीत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन महिने म्हटलंय.

तुझाच,
धाकटा