तिसऱ्या गाण्यातलं टिण्

३ जून, मंगळवार

पुन्हा तेच! तिसरं गाणं, दुसऱ्या कडव्यानंतर — टिण्, आणि मागोमाग वाळू सरकावी तशी सळसळ. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलते आणि कानात हेच.

बाबांची चाळीस वर्षांपूर्वीची तबकडी कंपनी नव्याने काढतेय. कव्हरवर प्रत्येक वाद्याचं आणि वादकाचं नाव हवंय, पुढच्या शुक्रवारपर्यंत, म्हणजे तेरा तारखेपर्यंत. बाकी सगळं जमलं. या टिण्पाशी बाबा अडून बसलेत — "विसरलो." मागच्या जन्मीचे ताल लक्षात असणारा माणूस! आणि तालवादक म्हणून त्यांचं नाव तर याच गाण्याने झालं.

५ जून, गुरुवार

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी डोळे मिटून सहा वेळा ऐकलं. म्हणाले, चामडं नाही, लाकूड नाही. पितळ चिनी मातीवर आपटतंय, आणि आत काहीतरी सुटं आहे. असलं वाद्य त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. बाबांनाच विचार म्हणे. वा!

७ जून, शनिवार

दुपारी डोळा लागला. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत होता, कुठूनतरी ती सळसळ येत होती, आणि मी लहान होते. जाग आली तेव्हा उशी ओली. का रडले कळेना.

८ जून, रविवार

घरातल्या एकूण एक भांड्यावर चमचा वाजवला. भिंगं दाखवावीत तसं बाबांना विचारत गेले — हे जवळचं, की हे? आधी हसले. मी आईच्या शिवणाच्या कपाटाकडे वळले, तसे उठून आतच गेले.

९ जून, सोमवार

बाबा फिरायला गेल्यावर कपाट उघडलं. आई गेल्यापासून, सहा वर्षं, बंदच होतं. बटणांची चिनी मातीची बरणी! आई शिवायला बसली की मी मशीनखाली लोळायचे, आणि हवं ते बटण सापडेपर्यंत ती बरणी हलवत राहायची. शेजारी तिचं सुई टोचू नये म्हणून घालायचं पितळी अंगुस्तान. बोटात घातलं. बरणीवर मारलं.

टिण्. आणि सळसळ.

कंपनीला कळवायचं — बटणांची बरणी, वादक बाबा. काय सुचलं असेल त्यांना! आज जमिनीवर पाय नाहीत.

११ जून, बुधवार

म्हटलं, कळवण्याआधी बाबांकडून एकदा ऐकावं. बरणी पुढे ठेवली. अंगुस्तान त्यांच्या बोटात जाईचना, टोकालाच अडकलं. माझी बोटं आईवर गेलीत. त्यांनी ते काढून माझ्या हातावर ठेवलं.

"त्या गाण्याच्या दिवशी माझा हात प्लास्टरमध्ये होता," म्हणाले. "सगळं तिने वाजवलं. नाव तुमचंच राहू द्या म्हणाली, मला ढीगभर कपडे शिवायचेत."

चाळीस वर्षं टाळ्या घेतल्या यांनी! राग आला. मग त्यांचा चेहरा पाहिला.

१२ जून, गुरुवार

काही पाठवलं नाही. या वयात त्यांचं नाव मी कुठल्या हाताने पुसू?

१३ जून, शुक्रवार

कंपनीच्या बाईंचा फोन. बाबांनी सकाळीच कळवलं होतं. तिसऱ्या गाण्यावरचं स्वतःचं नाव त्यांनी काढायला लावलं. तिथे आता आईचं.

दुपारी बाबा मशीनपाशी बसून बरणी हलवत होते. मी मशीनखाली जाऊन आडवी झाले.