हाताआधी तलवार

सोमवार, ३

आजपासून मी तलवार चालवते आणि तेच माझं काम आहे! सात वर्षं गिरणीत कापडाची ठाणंच्या ठाणं डोळ्यांखालून घालून दोष काढले, आता व्हिडिओ गेममधले दोष काढायचे. गिरणी बंद पडल्यावर ताईने आपल्याकडे बोलावून घेतलं आणि तिच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर ही नोकरी मिळाली. ताईने गंभीर चेहऱ्याने विचारलं की लहानपणी माझ्या पाठीत झाडू घालायचीस, तो अनुभव अर्जात लिहिलास का.

तिसऱ्या मजल्यावर लांबट खोली आहे. जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीचा चौकोन, त्यात मी उभी, समोर भिंतभर पडदा. हातात वीतभर पांढरा दांडा, त्याच्या आत हालचाल ओळखणारं यंत्र. मी दांडा फिरवला की पडद्यावरची मुलगी तलवार फिरवते. ती बिचारी हरवलेल्या वडिलांना शोधायला एका बेटावर आली आहे. वाटेत पहारेकरी आडवे येतात, त्यांची ढाल जिकडे नसेल तिकडून वार करायचा. दिवसभरात चाळीस पहारेकरी लोळवले. खांदा ठणकतो आहे, पण इतकं मनमोकळं मी किती दिवसांत हसले नव्हते.

बुधवार, ५

पहिला दोष सापडला. हात आधी जातो, तलवार मागाहून. फरक अगदी बारीक आहे, पण मला खटकतो. गेम बनवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण साधं दार कुठे आहे विचारलं तरी तो फळ्यावर आकृती काढून सांगतो. मास्तर म्हणाला की एवढा उशीर माणसाच्या डोळ्याला कळतच नाही. असं कुणी म्हटलं की माझ्या मनात लगेच पाल चुकचुकते. गिरणीतही धागा तुटलेला असला की लोक हेच म्हणायचे.

मग मी कॅमेरा लावला. हात आणि पडदा एकाच चित्रात घेतले. एका सेकंदाच्या साठ फ्रेम असतात, त्या एकेक पुढे सरकवत मोजल्या. हात हलल्यावर सहा फ्रेमनी तलवार हलते. तक्रार लिहून मास्तरच्या टेबलावर ठेवली. त्याने ती वाचली आणि चष्मा पुसत बसला.

सोमवार, १०

उशीर सहावरून दोनवर आला. मास्तरने यंत्राला अंदाज बांधायला शिकवलं आहे. हात जेमतेम निघाला की तो कुठे जाणार हे ओळखून तलवार आधीच तिकडे वळते. युक्ती चांगली आहे, पण सांगताना तो जरा जास्तच गोड बोलत होता. मी परत तक्रार लिहिली की दोनसुद्धा नकोत. ताई म्हणते, तुला नवरा मिळाला नाही यात नवल नाही, तू बोहल्यावर त्याच्या फ्रेम मोजल्या असत्यास.

बुधवार, १२

शून्य. हात आणि तलवार एकदम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरने फळ्यावर मोठं शून्य काढलं आणि सांगितलं की याच्या खाली जाता येत नाही. मलाही बरं वाटलं. खरं तर माझ्या तक्रारींमुळेच हे झालं, पण ते कुणी बोललं नाही.

गुरुवार, १३

उणे तीन.

तीनदा मोजलं. तलवार आधी निघते, तीन फ्रेमनंतर माझा हात. मास्तर म्हणाला कॅमेरा चुकत असेल. कॅमेरा बदलला. उणे चार.

हा माणूस काहीतरी लपवतो आहे. माझे आठवड्याभराचे वार त्याच्याकडे साठवलेले आहेत. तेच तो आधी चालवत असणार आणि माझ्या सवयी ठरलेल्या असल्यामुळे ते जुळत असणार. मला खोटं पाडायचं आणि तक्रारी बंद करायच्या, एवढाच त्याचा डाव. डोळ्यांत तेल घालून बघायला हवं.

सोमवार, १७

आता दीड सेकंदाचा फरक आहे, तो मोजायला कॅमेराही लागत नाही. आज मास्तरला पकडायचंच ठरवलं होतं.

घरून आठ चिठ्ठ्या करून नेल्या, ताईच्या शिवणकामातल्या खाकी कागदाच्या. प्रत्येकीवर एकेक दिशा. डोळे मिटून चिठ्ठी उचलायची, उघडायची आणि निघेल तसा वार करायचा. मी काय करणार हे मलाच माहीत नाही, तर मास्तरला कुठून कळणार?

पहिली चिठ्ठी अजून माझ्या मुठीत होती, घडी उलगडलीही नव्हती, तेवढ्यात पडद्यावर तलवार डावीकडून उजवीकडे गेली. चिठ्ठी उघडली. डावीकडून उजवीकडे. आठही चिठ्ठ्यांना असंच, आधी तलवार आणि मग तीच दिशा चिठ्ठीत.

मास्तरला बोलावलं, बरीच खरडपट्टी काढली. तो हात जोडून सांगत राहिला की अंदाज बांधणारा भाग त्याने बुधवारीच काढून टाकला, शून्य आल्यावर त्याची गरज उरली नव्हती. उघडून दाखवलं. तो भाग खरंच नव्हता. माझा विश्वास बसला नाही, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तसं नाटक त्याला जमेल असं वाटत नाही.

मंगळवार, १८

ठरवलं की ऐकायचं नाही. तलवार उजवीकडे गेली तर मी हात खालीच ठेवणार.

तलवार उजवीकडे गेली. मी हात मांडीला घट्ट चिकटवून उभी राहिले. अकरा सेकंदांनी कोपरात मुंग्या आल्यासारखं झालं आणि हात गेला. मी नेला नाही. तो गेला.

दांडा टेबलावर ठेवला. तरीही तलवार हलली. मास्तरने दांड्यातली बॅटरी काढली. तरीही तलवार हलली, आणि अकरा सेकंदांनी माझा रिकामा हात. मला भीती वाटते आहे, हे इथे लिहूनच टाकते.

बुधवार, १९

अंतर चार मिनिटांचं. पडद्यावर तलवारीने खालून वर छोटा हिसका दिला. मी खोलीबाहेर पडले, म्हटलं पडद्यापासून लांब जाऊ. खाली चहा घेताना हाताने तसाच हिसका दिला आणि पेला समोरच्याच्या सदऱ्यावर. सगळे हसले.

मास्तर दुपारी निघून गेला. मला वाटलं पळाला, म्हणजे चोर तोच. संध्याकाळी त्याचा फोन आला. तो रडत होता. म्हणाला, पडद्याकडे बघूच नका. पण बघितलं नाही म्हणून हात थांबतो का? नुसतं मला आधी कळणार नाही. गेम बंद करायचं बटण दाबून पाहिलं, पडदा विझत नाही. वायर काढली तरी नाही. वरच्या साहेबांना सांगितलं, ते म्हणाले वा, मग तर उत्तमच चाललंय.

शुक्रवार, २१

तीन तास.

सकाळी पडद्यावर वरून वार. दुपारी घरी ताई इस्त्री करत होती. माझा हात तिच्या कानाजवळून गेला आणि इस्त्रीच्या टेबलावर आदळला. ताई आधी दचकली, मग हसली, मग माझा हात हातात घेऊन बसून राहिली. कामाचा ताण आहे, चार दिवस सुट्टी घे म्हणाली. तिला काय सांगू? आईनंतर मला तिनेच वाढवलं. तिला काही झालं तर—

मंगळवार, २५

सोमवारी पडद्यावर तीन वार झाले. हाताने काहीच केलं नाही. सुटले असं वाटून घरी येताना चक्क गाणं म्हटलं.

आज तिन्ही झाले. मिनिटाला मिनिट. म्हणजे आता बरोबर एक दिवस.

आणि आज पडद्यावर चार वाजून चाळीस मिनिटांनी चौथा. तलवार वर गेली, पुढे खाली आली, आणि मध्येच थांबली. हाताआधी होणाऱ्या या वारांपैकी आजवर एकही असा थांबला नव्हता. हवेत मारलेला वार आरपार जातो. गेममध्ये ढाल आडवी नसेल तर तलवार थांबते ती फक्त शरीरात.

ज्या उंचीवर ती थांबली तिथे हात धरला, जमिनीपासून मोजलं. सव्वातीन फूट. उभ्या माणसाची मान तिथे नसते.

घरी ताई मशीनवर शिवत बसली होती. गंमत म्हणून तिचाच टेप घेऊन जमिनीपासून तिच्या मानेपर्यंत मोजलं. ती म्हणाली, माझा ब्लाउज शिवणार आहेस की काय.

सव्वातीन फूट.

बुधवार, २६

दुपारी अडीच. चिठ्ठी ठेवून निघाले. लिहिलं की बाहेरगावी जाते, शोधू नकोस. स्टँडवर आहे. तीनची बस मिळाली की पावणेपाचपर्यंत मी ताईपासून तीस कोस लांब.

सव्वातीन. बसमध्ये चढले आणि उतरले. सगळे बसलेले होते. ओळीने माना. कुणाच्या तरी मांडीवर बाळ.

चार. स्टँडच्या मागे बंद पडलेली तिकिटाची खिडकी आहे, तिच्यापुढे लोखंडी कठडा. इथे कुणी येत नाही. कठड्याला उजवा हात बांधला, ताईकडून आणलेल्या जाड नाडीने. सात गाठी. दातांनी ओढल्या. वही खिडकीच्या फळीवर आहे. डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर वाकडं येतंय. लिहीत राहिलं की वेळ जातो.

चार वीस. बोटं निळी. सैल करायचं नाही.

चार तीस. दहा मिनिटं. मग एकदा चार चाळीस उलटले की संपलं. हवेत जाईल, नाहीतर नाडीत अडकेल. इथे कुणी नाही.

हाक ऐकू आली. माझं लाडकं नाव. ते फक्त—

ताई. धावत आली, चपलेविना एक पाय. चिठ्ठी वाचून सरळ स्टँडवरच. ओरडते आहे, रडते आहे. मी सांगितलं जवळ येऊ नकोस. सगळं सांगितलं, पडदा, वार, वेळ. ती म्हणते आधी हे सोडव, बोटं जातील तुझी. माझं काहीच ऐकत नाही. लहानपणापासून माझं काहीच—

गाठी सुटत नाहीत तिला. बरं झालं.

पायरीवर बसली. गाठ नीट दिसावी म्हणून. मान खाली घालून. गळ्यातली दोरा कापायची कात्री काढली.

मी नको म्हणते आहे. चार गाठी राहिल्या. तीन. कोपरात मुंग्या—

ताई, सोड ते. ताई, उभी रा—