तरंगकाठी यंदा हलली नाही

वेंगुर्ल्याजवळून,
दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार

तीर्थस्वरूप भाईंस,

भिकाजीचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. गुडघे ताठ ठेवून माझी बोटं आता जमिनीला टेकतात, पण ते पुढे येईलच.) तुमची साखर आणि वहिनींची टाच कशी आहे? इकडे सगळे धडधाकट आहेत, आणि तेच आता निस्तरत बसलो आहे. हे फोनवर का नाही सांगितलं म्हणाल, तर डोंबिवलीला तुमच्या घरात फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय कोणी बोलत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर इकडे आमची दीपिका वाचते. सून म्हणून ती गुणाची आहे, पण ह्या सगळ्याचं मूळ तीच आहे.

गेल्या शिमग्यात माझा उजवा खांदा इतका धरला की सदरा चढवायला बायकोला, तुळसाला बोलवावं लागे. (तोच खांदा, आंब्यावरून पडलो तेव्हाचा.) अशी बातमी भावकीत पोचायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी आपला चुलतभाऊ शिवा पडवीवर येऊन बसला, चहा प्याला, आणि म्हणाला, "भिकाजी, खांदो गेलो तुझो. दसऱ्याक काठी आता कोण धरतलो?" विचारण्यात काळजी होती, पण नजर माझ्या खांद्याचं माप घेत होती. दसऱ्याला देवाची तरंगकाठी धरायचा मान आपल्या घराचा. माझा मुलगा सर्वेश बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. मी नाही धरली तर शिवा, हे त्याला पक्कं ठाऊक. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

तेव्हा दीपिकेनं मला सलोनीकडे नेऊन घातलं. ही सावंतवाडीची पंचविशीतली मुलगी. गावातल्या बंद पडलेल्या काजूच्या कारखान्यात तिनं व्यायामशाळा काढली आहे, आणि नुसतं वजन उचलायला शिकवत नाही, तर माणूस कुठे वाकडा झाला आहे ते शोधून सरळ करते. पहिल्या दिवशी तिनं मला डोक्यावर काठी धरून उकिडवं बसवलं, भोवती एक फेरी मारली आणि दहा माणसांदेखत जाहीर केलं की काका, तुमचा खांद्याचा फरा झोपलाय आणि कुल्लेही झोपलेत. फऱ्याचं मला माहीत नव्हतं. कुल्ल्यांचं म्हणाल तर कचेरीत तीस वर्षं त्यांच्यावरच बसलो होतो, त्यांच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची?

मग ती झोपमोड सुरू झाली. भिंतीला पाठ लावून हात वर सरकवायचे, आणि ते करताना खांदा कानाला भेटायला जाऊ द्यायचा नाही. उताणं पडून कंबर उचलायची आणि तशीच धरायची. (हे पहिल्यांदा घरी करताना तुळसानं पाहिलं आणि दार लोटून घेतलं.) जमिनीवरून काही उचलायचं तर पाठ सरळ आणि बूड मागे. साठ वर्षं मी चुकीचा वाकत होतो म्हणे. दोन हातांत दोन वजनं घेऊन चालायचं, त्याला शेतकऱ्याची चाल म्हणतात. आपल्या आईनं जन्मभर विहिरीवरून दोन कळशा आणल्या. हा व्यायाम आहे हे तिला कोणी सांगितलं नाही ते बरं झालं, नाहीतर तिनं आपल्याकडूनही करून घेतला असता.

घरी ओढायला एक लाल रबरी पट्टा दिला होता. तो मी पडवीच्या खांबाला बांधून ओढत असे. एका सकाळी शिवा खांद्याची चौकशी करायला आला आणि नेमकी गाठ सुटली. पट्टा सरळ त्याच्या गालावर. मी मुद्दाम केलं असं तो गावभर सांगतो. मी मुद्दाम केलं नाही, पण गाठ सैल बांधली होती हे तुम्हाला म्हणून सांगतो.

सहा महिन्यांत खांदा सुटला. सदरा माझा मी घालतो, पँट तर एका पायावर उभा राहून चढवतो. तुळसाही माझ्याबरोबर लागली आणि आता गॅसचा सिलिंडर एकटी फिरवते. म्हटलं, आता ये शिवा दसऱ्याला.

आणि दसरा आला. तुम्हाला काय सांगायचं, चौदा हात काठी, वर चांदीचा मुखवटा, अंगावर लुगड्यांचे थर, आणि समुद्रावरचा वारा. गुरवानं काठी हातात दिली. मी बूड मागे घेतलं, फरे खाली ओढले, पोट आवळलं आणि उचलली. भाई, फुलासारखी उचलली! ढोल सुरू झाले. लोक वाट बघू लागले. ढोल वाढले. लोक आणखी पुढे सरकले. काठी देवळाच्या दीपमाळेसारखी ताठ. चोवीस वर्षं ढोल वाढले की काठी थरथरायची, लोक "देव इलो" म्हणून ओरडायचे आणि गाऱ्हाणी घालायचे. यंदा पाऊण तास झाला, ढोलवाल्यांचे हात दुखायला लागले, पण माझे दुखेनात. दीपिका मोबाईल धरून कुजबुजली, "बाबा, एकदम परफेक्ट फॉर्म!" आणि पाठीमागून सत्यवतीकाकीनं हंबरडा फोडला, "देव येवक नाय रे! भिकाजीचा कायतरी चुकला!"

लाज सोडून सांगतो, मी हलवायचा प्रयत्न केला. पण हलवलेली काठी आणि हललेली काठी ह्यातला फरक आपल्या गावात शेंबड्या पोरालाही कळतो.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. देव का रुसला ह्यावर सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, आणि मी हाफपँट घालून देवळासमोरून व्यायामाला जातो हे कारण बहुमतानं पास झालं. आता कार्तिकातल्या जत्रेला शेवटची संधी. तेव्हाही काठी थंड राहिली तर मान शिवाकडे. तो आत्तापासून चहाचा कप थरथरवत पितो. त्याची बायको यशोदा त्याला घाबरून डॉक्टरकडे घेऊन गेली होती.

मी सलोनीला जाऊन विचारलं की खांदा थोडा बिघडवायचा काही व्यायाम आहे का. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. मग आठ दिवस सगळं बंद ठेवलं. नवव्या दिवशी पँट घालताना तोल गेला आणि मुकाट्यानं पुन्हा भिंतीला पाठ लावली. तुळसा म्हणते, "देवाक येवचा आसात तर तो बऱ्या खांद्यार पण येतलो." तिचं ठीक आहे, तिला सिलिंडर उचलता येतो.

पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. चोवीस वर्षं लोकांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. मुलीचं जमेल का, बोट घ्यावी का, असं विचारलं, आणि थरथरत मी उत्तरं दिली. ती देवानं दिली की आंब्यावरून पडलेल्या खांद्यानं? खांद्यानं जुळवलेली तीन लग्नं अजून टिकून आहेत, हे मात्र खरं. देवावर माझा विश्वास आहे, तो कुठे गेलेला नाही. माझ्यावरचा गेला आहे, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. टाचेसाठी सलोनीनं एक व्यायाम सांगितला आहे, दीपिका व्हिडिओ पाठवेल. त्यात पाय माझे आहेत, हसू नये.

तुमचा धाकटा,
भिकाजी

ता. क. दादरला मिळाला तर काळा रबरी पट्टा आणा. लाल आता हलका पडतो.

ता. क. दुसरा : आणा म्हटलं, पाठवा नाही. जत्रेला या. काठी तुम्ही धरा. मान जायचाच असेल तर तुमच्या हातून जाऊ दे. माझ्या हातून कसा जाईल, तो माझा कधी नव्हताच.

ता. क. तिसरा : हे लिहायला सहा महिन्यांच्या व्यायामापेक्षा जास्त जोर लागतो आहे. तुम्ही तीन वर्षं काठी धरली आणि ती एकदाही हलली नाही. लोक कुजबुजले, आणि "भाईक देव येणा नाय" असं देवळात सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणालो. पुढच्या वर्षी काठी माझ्या पडक्या खांद्यावर आली, हलली, आणि तू मुंबईची गाडी धरलीस. भाई, तुझ्यात काय एक खोट नव्हती. तुझो खांदो बरो होतो.