सूपभर ज्वारीला विकलेल्या मुलाविषयी

मी, बन्सीलाल सखाराम पाटील, वय एकावन्न, धंदा शेती, राहणार प्रकाशे, तालुका शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश, कोणाच्या धाकाने नव्हे तर आपल्या खुशीने हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. छातीत कळ येते, चालताना दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. ते नाही असे माझा चुलतभाऊ उखा म्हणेल. मी ठणठणीत होतो तेव्हाही तो तेच म्हणे.

१. राहते घर पत्नी जमनाबाई हिचे. तिला तेथून कोणी उठवू नये.

२. नदीकाठचे वावर मी स्वकष्टाने घेतले आहे. ते, बैलजोडी, तिफण व मोट मुलगा झिपरू यास द्यावे. झिपरू हा माझाच, जमनाबाईच्या पोटचा मुलगा आहे. हे लिहावे लागते, कारण त्याच्या आधीची आमची तीन मुले गेली. म्हणून हा जन्मताच रिवाजाप्रमाणे नदीवर नाव चालवणाऱ्या दोधू भोयाच्या बायकोला, दगूबाईला, सूपभर ज्वारीला विकला, जावळ काढले नाही आणि नाव झिपरू ठेवले. असे पुष्कळजण करतात. मी एक पाऊल पुढे गेलो. शाळेत घालताना मास्तरांनी बापाचे नाव विचारले, तेव्हा मी दोधू भोई असे लिहवले. कपाळी नशीब लिहिणाऱ्या सटवाईला लिहिता येते, मग वाचताही येत असेल, आणि दप्तरात माझे नाव दिसले तर ती हेही पोर नेईल, अशी मला धास्ती. लोक खुळा म्हणाले. पोर जगले, हे त्यांनी बघावे.

३. उखा चावडीवर सांगत फिरतो, "शाळाना दप्तरमा तो भोयाना पोऱ्या शे, मंग वावर त्याले कसं?" त्यास माझ्याकडून काही नाही. माझ्या बांधावरून गाडी नेतो ती नेऊ द्यावी, पावसाळ्यात मात्र नाही.

४. आता लिहितो ते कधी तोंडातून काढले नाही. दुसरीत असताना झिपरूने पन्नालाल शेठजींच्या दुकानावरची पाटी उभ्या उभ्या वाचली. चौथीत शाळा तपासायला आलेल्या डिप्टीसाहेबांनी घातलेले गणित तोंडी सोडवले आणि पहिला आला. बक्षिसाला "झिपरू दोधू भोई" असा पुकारा झाला. दोधू हात जोडून उभा राहिला, टाळ्या त्याला पडल्या. मी मागे बैलांचा कासरा धरून होतो. जळलो, आणि नजर लागलीच तर दोधूला लागेल म्हणून बरेही वाटले. परतताना दोधू म्हणाला, "भाऊ, पोऱ्या तुन्हा नि मान मन्हा, हाई बरं नई शे." घरी पोराने बक्षीस पुढे केले, तेव्हा मी "त्यामा काय शे?" एवढेच बोललो. त्याचे तोंड उतरले. पुढे तो इंग्रजी शिकायला धुळ्यास गेला. आता दिवाळीत आला की कोर्टाचे कागद लोक त्याच्याकडून वाचून घेतात, आणि मी लांब बसून ऐकतो. पोरगा हुशार आहे. फार हुशार आहे. मला त्याचा इतका अभिमान वाटतो की ऊर फुटेल. हे कलम कोणी मोठ्याने वाचू नये. त्याने मनात वाचावे आणि जमनाबाईने लगेच मीठमोहरी ओवाळून टाकावी.

५. बांधावरचा साग दोधूला नावेसाठी द्यावा.

६. माझ्या चितेला अग्नी झिपरूने द्यावा. चारचौघांत त्याने अग्नी दिला की दप्तर काहीही म्हणो, उखाचे तोंड बंद होईल. म्हणूनच पुढचे लिहिताना हात अडतो. येत्या मार्चात त्याची मॅट्रिकची परीक्षा आहे. त्या दिवसांत मी गेलो तर धुळ्यास माणूस पाठवू नये, तार करू नये. उखाने अग्नी दिला तरी चालेल. पोराने शेवटचा पेपर लिहूनच घरी यावे.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचला, कलम चार सोडून, आणि खाली सही केली.

बन्सीलाल सखाराम पाटील

साक्षीदार:
पन्नालाल घेवरचंद, दुकानदार, सही
दोधू भोई, डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम प्रकाशे, ता. २० फेब्रुवारी १९३८