नऊ वर्षं जुना पत्ता

३ जून
बायकोच्या, म्हणजे शोभाच्या, जेवणाच्या डब्यांचं कल्याण करायचं ठरवलं. राखोलीच्या कारखान्याचं कँटीन पुढच्या महिन्यात नव्या माणसाला देणार आहेत. ते मिळालं तर आमलीतल्या घरच्या दोन शेगड्यांतून ती सुटेल. तिला वाटतं, कँटीन चवीवर मिळतं. बिचारी. गुगलवर मिळतं.

४ जून
उपाय सापडला. लोक वेबसाइटचा पत्ता विकत घेतात आणि मुदत संपली की विसरतात. बेफिकीर जमात. असला जुना पत्ता आपण घ्यायचा आणि शोभाच्या डब्यांच्या साइटकडे वळवायचा. त्याची गुगलवरची पुण्याई आयती आपली.

६ जून, सकाळी १०.४०, ऑफिसात
घेतला! स्वच्छघर डॉट इन. नऊ वर्षं जुना. आधी कोणाचा होता ते बघा, असं केतकी फोनवर म्हणाली. आमची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे काहीच येत नाही. स्वच्छ आणि घर. डब्यांना आणखी काय हवं?

११ जून
साइटवर काल चार माणसं, आज एकसष्ट. साहेबांना समजावून सांगितलं. कळलं नाही. कळत असतं तर साहेब कशाला झाले असते?

१४ जून
शोभाला फोनच फोन. एका बाईंनी दर विचारला, शोभाने भाजी-पोळीचा सांगितला. मग बाई म्हणाल्या, मुलांना किती तास घराबाहेर ठेवायचं?

१६ जून
उलगडा झाला. पत्ता झुरळं-उंदीर मारणाऱ्यांचा होता. ते बुडाले, त्यांचे क्यूआर कोडचे स्टिकर उरले. कारखान्याच्या कँटीनभर आहेत. स्कॅन केलं की थेट शोभाचा फोटो, हातात पळी. हे आमचा डबा खाणाऱ्या वाल्मिकने सांगितलं. धुळ्याचा, तिथेच मशीनवर असतो. वर शोभाला विचारतो, ताई, भाजीत काही टाकेल तं नाही ना? अडाणी.
पत्ता सोडणार नाही. आकडे चढताहेत.

१७ जून
केतकीचा फोन. उचलला नाही.

२४ जून
कारखान्याच्या मॅनेजरनेही स्कॅन केलं. शोभाचं नाव कँटीनच्या यादीतून गेलं. तिने मला वाढलं आणि ती उद्याच्या डब्यांची भाजी निवडायला बसली. खरंच वाईट वाटलं. चूक अर्थात स्टिकर लावणाऱ्यांची.

२७ जून
शोभा मला न विचारता डबा घेऊन मॅनेजरकडे गेली. वालाचं बिरडं. दोनदा मागून जेवला म्हणे. कँटीन तिला दिलं! अट एकच, वेबसाइट बंद आणि सगळे स्टिकर साफ.

३० जून, रविवार, राखोली
कँटीनच्या मोरीत उकिडवा बसून ब्लेडने स्टिकर खरवडतोय. सत्तावीस झाले. आमच्या क्षेत्रात याला लिंक काढणं म्हणतात, फार थोड्यांना जमतं. वाल्मिक निरोप देऊन गेला. दाजी, ताई म्हणे, बसलेच आहात तं मोरीपण घासून घ्या.