ओढा सरळ ओलांडायचा

प्रिय एलॉय,

तुझा ट्रक मी उंच करून घेतला आहे. पुढच्या आठवड्यात गुड फ्रायडे. तुमच्या क्लबाच्या जमिनीलगत बसवलेल्या गाड्यांची रांग बघायला सगळी दरी रस्त्यावर उतरेल आणि कुणीतरी तुला त्या ट्रकचा फोटो पाठवीलच. तो पाहून तू बर्नाडेटला फोन करून आरडाओरडा करशील, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड. ठरवलं मी, पैसे मी घातले, आणि कागदोपत्री तो ट्रक पहिल्यापासून माझ्याच नावावर आहे, कारण तू घ्यायला गेलास तेव्हा बँकेने तुला दारातही उभं केलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यातल्या पुरात वरच्या ओढ्यावरची मोरी वाहून गेली, हे मी तुला सांगितलं होतं. तू ‘हो का’ म्हणालास आणि मग तिकडच्या, मिडलंडच्या, उकाड्याबद्दल बोललास. काउंटीच्या कचेरीतली माणसं आली, खांब रोवून त्यांना पिवळ्या फिती बांधून गेली. फिती वाऱ्याने नेल्या, मोरी अजून आलेली नाही. तुझ्या बायकोचं, बर्नाडेटचं, घर ओढ्याच्या पलीकडे आहे आणि तिचं कामही पलीकडेच, पण डबे आणि औषधं अलीकडून भरून न्यावी लागतात. ती वरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना गरम जेवण आणि औषधं पोचवते. हे काम तिने धरलं तेव्हा तू हसला होतास. आता तिथे अशी माणसं आहेत की दिवसभरात त्यांच्या दारात दुसरं कुणी येत नाही. तिची ती चिमुकली मोटार ओढ्यातल्या दगडावर बसली आणि खालचं तेलाचं भांडं फुटलं. दुरुस्त केली, पुन्हा फुटलं. कामावरच्या साहेबीणबाईंनी सांगितलं की महिनाअखेरपर्यंत ओढा ओलांडणारी स्वतःची गाडी दाखव, नाहीतर दुसरं माणूस बघावं लागेल. काम गेलं तर बर्नाडेट तुझ्या लेकीला, अनालिसाला, घेऊन आल्बुकर्कला बहिणीकडे जाणार होती. तिने भांडी खोक्यात भरायला घेतली होती. मी पाहिली ती खोकी.

आणि माझ्या अंगणात एक धडधाकट ट्रक चादर पांघरून जमिनीला पोट टेकून बसला होता. तू मिडलंडला गेल्यापासून तो तिथून हलला नाही. दर शनिवारी बर्नाडेट यायची, चादर काढायची, जर्दाळूच्या रंगाचा तो पत्रा धुऊनपुसून चकचकीत करायची, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायची आणि पुन्हा चादर घालायची. मी खिडकीतून बघायची. विषय निघाला की ती म्हणायची, “एलॉय आला की बघू.” मीही म्हणायची, “हो, तो आला की बघू.” तू फोनवर म्हणायचास, “येतोच आहे. ट्रकला हात लावू नका.” आम्ही दोघी शहाण्यासारख्या हात न लावता बसलो. अंगणातला ट्रक जागचा हलला नाही म्हणजे माणूस परत येणार, असा काहीतरी हिशेब आमच्या मनात बसला होता. तो मी वर्गात फळ्यावर मांडला असता तर तुम्हीच पोरं हसला असता.

खोकी पाहिली त्याच संध्याकाळी मी फाकुंदोकडे गेले. त्याच्या गॅरेजमध्ये क्लबातले चारपाच जण बसले होते, सगळे माझ्याच हाताखालून गेलेले. मला काय हवं आहे ते सांगितल्यावर फाकुंदोने टोपी काढली, जणू कुणी वारलं आहे. म्हणाला, “बाई, पाढे चुकले म्हणून तुम्ही मला तासभर उभं केलंत, ते मी सहन केलं. पण हे मला सांगू नका. तो ट्रक या दरीत सगळ्यात खाली बसतो. त्याच्याखालून सिगारेटचं पाकीट आडवंसुद्धा सरकत नाही. एलॉयने त्याची चासी, खालचा सांगाडाच, कापला तेव्हा कंदील धरून मी उभा होतो.” मी म्हटलं, “मग आता पाना धरून उभा राहा.” मागून कुणीतरी पुटपुटलं, “उद्या म्हणाल चर्चच्या घंटेत कोंबड्या पाळा.” मी वळून बघितलं. तो लगेच सरळ बसला. एवढा धाक माझ्यात अजून शिल्लक आहे.

फाकुंदोने आधी मला नव्या सामानाची किंमत सांगितली. उंच करायचा तयार संच घेतला तर ट्रकपेक्षा संच महाग. मी त्याला सांगितलं, मला प्रदर्शनात मांडायचा नाही, ओढ्यातून न्यायचा आहे. तू जे जे काढून टाकलंस ते ते परत बसवायचं आणि थोडं वर उचलायचं, बस्स. तुझे मूळचे भाग तू तेव्हाच विकून खाल्लेस, म्हणून आम्ही भंगारात गेलो. तिथे एका मेंढपाळाचा त्याच सालचा ट्रक पडला होता, टप चेपलेला, पण खालून शाबूत. त्याच्या पुढच्या न कापलेल्या स्प्रिंगा, पुढची चाकं ज्यांवर बसतात ते मूळचे दांडे आणि मागचे जाड कमानपाटे आम्ही काढून आणले. तू मागच्या चाकांचा एक्सल पाट्यांच्या वर चढवला होतास, तो फाकुंदोने पुन्हा खाली घेतला आणि मध्ये लोखंडी ठोकळे घातले. टायर जंगलखात्याच्या लिलावातले, वापरलेले, पण नक्षी खोल. शॉकअप आणि ब्रेकच्या नळ्या मात्र मी नव्या घ्यायला लावल्या. फाकुंदो म्हणत होता जुनी नळी पुरेल. मी जमिनीवर बसून स्वतः पाहिलं. ट्रक जॅकवर उचलून चाक लोंबतं सोडलं की ती नळी तारेसारखी ताणली जात होती. त्याला म्हटलं, “ही पुरेल, कुठपर्यंत? पहिल्या खड्ड्यापर्यंत?” तो जाऊन लांब नळी घेऊन आला.

तू चासीत एक्सलसाठी जी खाच कापली होतीस, ती तशीच राहिली. एक्सल आता तिथपर्यंत पोचतच नाही. फाकुंदोने तिच्यावर आणखी एक जाड पट्टी वेल्डिंग करून दिली आणि म्हणाला, “कापलेलं परत येत नाही बाई, पण तुटणार नाही एवढं बघितलंय.” मला तेवढं पुरे होतं.

काम झाल्यावर मी सगळ्यांना तांबड्या मिरचीतले अंड्याचे वडे आणि टॉर्टिया वाढल्या. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मांस नाही, हे या दांडगटांना अजून आठवण करून द्यावं लागतं. फाकुंदोने खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, ट्रकखाली ठेवलं आणि सवयीने वाकून बघितलं. तेवढ्यात त्याचा कुत्रा शेपूट वर ठेवून एका बाजूने शिरला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आला. शेपूट कुठे लागलं नाही. सगळे हसले. फाकुंदो हसला नाही. मग म्हणाला, “चला, कुत्र्याने पास केलं.”

आता जे घडलं ते नीट वाच. ट्रक मीच पहिल्यांदा ओढ्यातून नेणार असं मी ठरवलं होतं. शेजारी बर्नाडेट, मध्ये अनालिसा, तिच्या मांडीवर उरलेल्या वड्यांचं झाकलेलं पातेलं. फाकुंदो मागून चालत. तुझ्याबरोबर त्या ट्रकमधून इतकी वर्षं मी प्रार्थनेला गेले आहे की माझे हात तुझेच झाले आहेत. गतिरोधक असो, उतार असो, पाण्याचा चर असो, तू नेहमी तिरका घ्यायचास, एकेक चाक हलकेच, नाहीतर पोट घासलं असतं. मी माझी मोटारसुद्धा तशीच चालवते. गावात मागचे लोक भोंगे वाजवतात. तर ओढ्याच्या काठावर आल्यावर माझ्या हातांनी आपोआप चाक वळवलं आणि ट्रक तिरका आत घातला. पुढचं एक चाक खाली गेलं, मागचं दुसऱ्या बाजूचं हवेत उठलं, आणि एवढा उंच ट्रक एका अंगावर कलला. पातेलं दारावर आदळलं. अनालिसा किंचाळली. बर्नाडेटने माझं मनगट धरलं आणि ओरडली, “आई, सरळ घ्या! सरळ! आता याला तिरकं नेलंत तर तो उलटेल!” मागून फाकुंदो दोन्ही हात डोक्यावर घेऊन बोंबलत होता, “बाई, भूमितीत आम्हाला काय शिकवलंत? दोन बिंदूंमधला जवळचा रस्ता कोणता?”

मी ब्रेक दाबून धरला. नवी नळी तिथे कामाला आली. हळूहळू मागे घेतलं, नाक ओढ्याकडे केलं आणि सरळ गेले. काही झालं नाही. खाली गेलो, वर आलो, एवढंच.

पलीकडे गेल्यावर मी इंजिन बंद केलं. अनालिसा दगड बघायला खाली उतरली. मिरचीचा रस माझ्या परकरापर्यंत झिरपला होता. बर्नाडेट समोर बघत म्हणाली, “आई, मिडलंडला त्याचं घर आहे. मला ठाऊक आहे. बाळ आता चालायला लागलंय म्हणे.” मी विचारलं, कधीपासून ठाऊक आहे? म्हणाली, पानगळीपासून. तिच्या मावसभावाने दुकानात पाहिलं तुम्हाला, तिघांना. मी म्हटलं, “मग दर शनिवारी तो ट्रक कशाला धूत होतीस?” ती म्हणाली, “तुम्ही खिडकीत उभ्या असायच्या म्हणून. वाटलं, मी थांबले तर तुम्हाला कळेल.” मग तिने विचारलं, “आणि तुम्ही? तुम्हाला केव्हा कळलं?”

मी नाताळात तुला फोन केला होता. ते तुला कुणी सांगितलं नसेल. एका बाईने उचलला. आवाज चांगला होता, अदबीचा. म्हणाली, “एलॉय बाळाला आंघोळ घालतोय. कोण म्हणून सांगू?” आयुष्यभर मी हजेरी घेतली, एलॉय, पण त्या दिवशी मला माझं नाव सांगता आलं नाही. मी फोन ठेवला. आणि तेव्हापासून एकाही शनिवारी खिडकी सोडली नाही, कारण ती पोर एकटी ट्रक धूत असायची आणि मला वाटायचं, तिला काहीच ठाऊक नाही.

हे सांगितल्यावर बर्नाडेट हसली. मग रडली, मग पुन्हा हसली. म्हणाली, “म्हणजे आपण दोघी एकमेकींना तिरक्या घेत होतो.” मी तिला माझा रुमाल दिला. त्यालाही मिरची लागलेली होती. त्याने डोळे पुसल्यावर ती मला काय काय बोलली ते लिहीत नाही. घरी जाऊन तिने खोकी उघडली आणि भांडी फळीवर लावली.

परतताना फाकुंदोने विचारलं, गुड फ्रायडेच्या रांगेचं काय? क्लबातलं कुणी बाहेरगावी असलं की त्याच्या गाडीएवढी जागा रांगेत मोकळी सोडून चालायची, ही तुमची रीत. तू गेल्यापासून ते तुझी जागा सोडत आले आहेत. रस्त्याकडेला उभं राहून मी दर वर्षी ती पोकळी पुढून सरकताना पाहिली आहे. मी त्याला सांगितलं, या वर्षी गाड्या जोडून घ्या.

तुला वाटेल, म्हातारी ट्रकचं समर्थन करायला एवढं लिहीत बसली. ट्रकचं समर्थन मला करायचं नाही. बर्नाडेट काल सगळे डबे वेळेवर पोचवून आली, समर्थन झालं. हे पत्र अनालिसासाठी आहे. तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. तिला एक भाऊ आहे, हे तिला कळलं पाहिजे आणि ते तिच्या बापाने सांगितलं पाहिजे. दुकानात पाहणाऱ्या मावसभावाकडून कळायला नको, माझ्याकडूनही नको. ईस्टरच्या रविवारी प्रार्थनेनंतर ती माझ्याकडे असेल. तेव्हा फोन कर. उकाड्यापासून सुरुवात करू नकोस. सरळ सांग. ती रागावेल, कदाचित फोन आपटेल. तरी पुढच्या रविवारी पुन्हा कर. आणि मुलीशी बोलून झालं की फोन माझ्याकडे द्यायला सांग. त्या बाळाचं नाव मला कुणी सांगितलेलं नाही. ते मला हवं आहे. त्याच्या आईलाही सांग, नाताळात फोन करणारी बाई कोण होती ते.

बर्नाडेटला दिलं: ट्रक, मालकीचा कागद तिच्या नावे सही करून, दोन्ही किल्ल्या, जॅक, आणि ती चादर, डबे झाकायला.

फाकुंदोकडे तुझ्यासाठी ठेवलं: कापलेल्या स्प्रिंगा, आखूड शॉकअप, तू बसवलेलं साखळीचं स्टीअरिंग, तुझं क्लबाचं जाकीट धुऊन इस्त्री करून.

क्लबाला परत केली: रांगेतली जागा.

तुझीच,
आई